अंधारखोलीतला आठवा फोटो

मे महिन्याचा शेवटचा आठवडा लागला की आमच्या घरात कपाटातून एक काळी पिशवी बाहेर निघते. वीतभर रुंद, दोन वीत लांब, जाड काळ्या प्लॅस्टिकची, तोंडाला इलॅस्टिक शिवलेली. ती कशाची आहे हे पाहुण्यांना ओळखता येत नाही. एका मावशींनी तिला छत्रीची खोळ समजून नीट छत्र्यांमध्ये ठेवून दिलं होतं, आणि ती शोधताना आमचे दोन दिवस गेले. आई पिशवीवरची धूळ झटकते, बाहेरून ओल्या फडक्याने पुसते आणि माझ्याकडे न बघता म्हणते, "आलं बघ ऊन." ऊन जणू वर्षभर गावाला गेलं होतं.

आमचं घर विश्रांतवाडीत, तिसऱ्या मजल्यावर, पश्चिमेच्या तोंडाचं. मेमध्ये दुपारी तीननंतर भिंतीला हात लावला तर हात मागे येतो. आळंदी रस्त्यावरून स्कूटीवर जाणाऱ्या मुली तोंडाला असा स्कार्फ गुंडाळतात की त्यांची आई समोरून आली तरी ओळखणार नाही. मीही तसाच गुंडाळायची. उन्हापासून काहीतरी झाकून नेणं हे पुण्यातल्या मुलींच्या हाताला आपसूक जमतं. माझ्या आईला मात्र ते नोकरीनेच शिकवलं होतं.

आई सरकारी दवाखान्याच्या एक्स-रे विभागात होती. नेमणुकीच्या पत्रात तिच्या पदाचं नाव होतं 'अंधारखोली सहायक'. बाबा ते पत्र कुणालाही वाचून दाखवत. "आमच्या हिला सरकारने अंधाराला मदत करायला ठेवलंय," असं म्हणत. काम साधं होतं आणि चुकायला अजिबात जागा नव्हती. एक्स-रे काढलेली फिल्म बंद डब्यातून आईकडे यायची. आई दार लावायची, लाल दिव्याच्या मिणमिणत्या उजेडात ती फिल्म चिमट्याच्या चौकटीला अडकवायची, पहिल्या टाकीत बुडवायची, मग पाण्यात, मग दुसऱ्या टाकीत, पुन्हा पाण्यात. पांढऱ्या उजेडाची एक फट पडली की फिल्म वाया, आणि बाहेर हात मोडलेला माणूस पुन्हा टेबलावर. चार मिनिटं ती मनात मोजायची. दोनशे चाळीस. घड्याळ लागत नसे. घरी अंडी उकडायची तीही मोजूनच, आणि मोजत असताना कुणी बोललं तर तिचा एक हात वर जायचा.

माझी शाळा लवकर सुटली की मी त्या खोलीत स्टुलावर बसायची. दाराबाहेर लाल दिवा लागलेला, आत हायपोचा, म्हणजे फिल्म पक्की करणाऱ्या औषधाचा, आंबूस वास, टाकीतल्या पाण्याचा बारीक आवाज, आणि अंधारात माझे पाढे. सतराच्या पाढ्याशी अडखळले की टाकीपाशी उभी असलेली आई पुढचा आकडा सांगायची. तो वास तिच्या पदराला होता, वेणीला होता. दुसऱ्या मुलांच्या आईला फोडणीचा वास येतो हे मला पुष्कळ उशिरा कळलं.

आमच्या घरातले सगळे महत्त्वाचे कागद एक्स-रे फिल्मच्या रिकाम्या खोक्यांत असत. माझ्या गुणपत्रिका, जातीचा दाखला, बाबांची पॉलिसी. खोक्याच्या आत फिल्मभोवती जी काळी पिशवी येते, तिच्यात आई लोकरीचे कपडे ठेवायची. गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जायची, कधी संध्याकाळपर्यंत यायचीच नाही. तेव्हा बाबा आणि मी भिंत चाचपडत एकमेकांच्या पायावर पाय द्यायचो आणि आई सरळ चालत जाऊन मेणबत्ती आणायची, काडेपेटी आणायची, तव्यावरची भाकरीसुद्धा उलटायची. हे ती कसं करते, तेव्हा तिचा चेहरा कसा असतो, हे आम्ही कधी पाहिलं नव्हतं. अंधारच असायचा.

मी सांगते आहे ती गोष्ट त्या मेची, ज्या मेच्या एकतीस तारखेला आई निवृत्त झाली. आईचा जन्म एक जूनचा. म्हणजे खरा कधीचा ते कुणालाच माहीत नाही. आजोबांनी शाळेत नाव घातलं तेव्हा मास्तरांनी एक जून लिहून टाकला. तिच्या पिढीतली निम्मी माणसं एक जूनला जन्मलेली आहेत, त्यामुळे दर एकतीस मेला प्रत्येक सरकारी कचेरीत हारांची टोपली येते. त्या वर्षी आईच्या दवाखान्यात पाच जण होते. आणि आईबरोबर तिची खोलीही निवृत्त होणार होती. कॉम्प्युटरवर दिसणारं एक्स-रेचं नवं यंत्र मंजूर झालं होतं. फिल्म नाही, टाक्या नाहीत, अंधार नाही.

मी तेव्हा खराडीला एका कंपनीत परदेशी दवाखान्यांच्या सॉफ्टवेअरची चाचणी करायची. एक्स-रे थेट डॉक्टरच्या पडद्यावर नेणारं सॉफ्टवेअर. आईला हे मी मोठ्या उत्साहाने समजावून सांगितलं होतं. तिने शेंगा सोलता सोलता सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे आमच्या खोलीला कुलूप तुम्ही लावलं होय." मग हसली. पण मला ते लागलं.

एके रात्री जेवताना ती म्हणाली, "त्या खोलीतला माझा एकही फोटो नाही."

बाबांनी मान वर केली. आईने आजवर साडीसुद्धा मागितली नव्हती.

"मी मोबाईलवर काढते की," मी म्हणाले.

"तो तुझ्या मोबाईलमध्ये राहील. मला हातात धरायचा आहे. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या बरगड्या पाण्यातून उमटताना बघितल्या. एकदा माझं तोंड उमटताना बघू दे."

एवढंच. मग तिने ताक मागितलं. आणि मी मनाशी ठरवलं की खोलीला कुलूप लावणाऱ्यांपैकी मी एक असेन तर हा फोटोही मीच काढून देणार.

योग असा की माझ्या टीममधला निनाद त्याच महिन्यात परदेशातल्या सहा महिन्यांच्या ऑनसाइट कामावरून परतला होता. येताना तिकडच्या जुन्या बाजारातून एक कॅमेरा घेऊन आला होता, बटण दाबलं की समोरच्या फटीतून फोटो बाहेर फेकणारा. त्याची फिल्म मूळ कारखान्याने बनवणं कधीच थांबवलं होतं. कुणा हौशी मंडळींनी ती नव्याने बनवायला घेतली होती, पण ती भलतीच नाजूक. फोटो कॅमेऱ्यातून बाहेर येतो तेव्हा अजून कच्चा असतो, त्या क्षणी उजेड लागला की संपलं. निनादने पहिलं पाकीट संपवलं होतं आणि एकही फोटो आला नव्हता. दुसरं पाकीट त्याने कॅमेऱ्यासकट माझ्या टेबलावर ठेवलं. "घेऊन जा यार. खिशात टाकेपर्यंत वाट लागते. तुझ्या आईंचं हे फील्ड आहे ना?"

पाकिटात आठ फोटो. पुण्यात दुसरं मिळत नव्हतं. कॅम्पातल्या, लक्ष्मी रोडवरच्या दुकानांत विचारून झालं. एका दुकानदाराने चष्म्यावरून बघत मला विचारलं, "आपल्याला कॅमेरा हवाय की म्युझियम?"

पहिला फोटो मी फुकट घालवला. बुद्धपौर्णिमेचा दिवस, आम्ही तिघं पांढऱ्याशुभ्र कपड्यांत विहारात जायला निघालेलो. मी दोघांना गच्चीवर उभं केलं आणि बटण दाबलं. फोटो बाहेर आला, मी तो हातात धरून कौतुकाने बघत राहिले. दहा मिनिटांनी कागद होता तसाच कोरा. बाबा म्हणाले, "छान आलाय. पांढऱ्यात पांढरं." दुसरा मी घरात काढला, पडदे ओढून, फटीपुढे ओढणी धरून. बाबांचा अर्धा चेहरा आला, उरलेल्या अर्ध्यावर पिवळा पट्टा. बाबा अर्ध्या चेहऱ्यावरही खूश होते, पण माझा धीर सुटला. सहा उरले होते.

तेव्हा आईने कॅमेरा माझ्या हातातून काढून घेतला. उलटा केला, फटीत नख घालून पाहिलं, कागद किती वेगाने बाहेर येतो ते मला दोनदा विचारलं. मग उठून कपाटाकडे गेली. लोकरीच्या कपड्यांतून एक काळी पिशवी रिकामी केली, कात्री घेतली, आणि मशीनवर बसून तिच्या तोंडाला परकराचं इलॅस्टिक शिवलं. पिशवी कॅमेऱ्याच्या तोंडाला घट्ट बसली. फोटो फटीतून निघायचा तो सरळ पिशवीतच.

"हे त्या लोकांना सुचलं नाही?" ती म्हणाली. "एवढा कॅमेरा बनवला आणि दार उघडं ठेवलं."

तिसरा फोटो स्वच्छ आला. बाबा, पेपर, मागे कूलर. आईने पिशवीतून तो कडेने धरून काढला, मध्ये बोट न लावता, आणि तडक मोरीकडे निघाली. मी धावत जाऊन तिचा हात धरला. ती फोटो पाण्यातून काढणार होती. "धुतल्याशिवाय पक्का कसा होईल?" ती मला विचारत होती आणि मी तिला सांगत होते की त्याच्या पोटातच सगळं असतं, टाक्यासुद्धा. तिला ते पटलं नाही. शेवटी तिने तो चिमट्याने दोरीला अडकवला, निदान वाळवण्याचं समाधान म्हणून.

चौथा माझा, स्कार्फ सोडता सोडताचा. पाचवा शेजारच्या काकूंनी वसूल केला. त्या साखर मागायला आल्या आणि फोटो काढून गेल्या, साखर विसरल्या. मग आईने कॅमेरा एक्स-रेच्या खोक्यात घातला, खोक्याला दोरी बांधली आणि बजावलं, "आता एकतीस तारखेपर्यंत कुणी हात लावायचा नाही." त्या दिवसांत घरात पन्ह्याचा वास होता, रात्री गच्चीवर गाद्या होत्या, आणि मला सारखी धाकधूक होती. प्रोजेक्टच्या रिलीजची मला इतकी काळजी कधी वाटली नव्हती. तीन फोटो. त्यातला एक जरी नीट आला तरी पुरे होतं.

एकतीस तारखेला मी सुट्टी घेतली. दवाखान्याच्या पायऱ्यांवर पाचही जण हार घालून, नारळ धरून उभे राहिले. सहावा फोटो तिथे झाला, आणि पिशवीने भर दुपारच्या उन्हातही आपलं काम चोख केलं. आईचा भाव एकदम वधारला. एक्स-रेचे देशमुख सर म्हणाले, "ताई, पेटंट घ्या." आई म्हणाली, "आधी पेन्शन येऊ द्या."

मग आम्ही दोघी खोलीत गेलो. सरांनी किल्ली तिच्या हातात दिली होती. टाक्या रिकाम्या केलेल्या होत्या तरी वास तसाच होता. आईने हार दाराच्या खिळ्याला अडकवला, पांढरा एप्रन घातला, चिमट्याची चौकट हातात घेतली आणि लाल दिवा लावला. मी कॅमेऱ्याला पिशवी बसवायला लागले तर तिने ती काढून बाजूला ठेवली.

"इथे कशाला? लाल दिव्यात फिल्मला काही होत नाही. इथे उजेडाचं मला शिकवू नकोस."

मी खरं तर तेव्हाच बोलायला हवं होतं. एक्स-रेची फिल्म लाल उजेड ओळखत नाही, म्हणून तर तो दिवा. पण ही रंगीत फिल्म. हिला सगळे रंग दिसतात, लालही. मला हे माहीत होतं, निदान माहीत असायला हवं होतं. पण त्या खोलीत आई इतकी ठाम उभी होती की मला ते आठवलंच नाही. फ्लॅश उडाला, फोटो बाहेर आला. आईने तो हजारो फिल्म धरल्या तसाच दोन बोटांत धरला आणि लाल दिव्याखाली नेऊन बघत राहिली. तिला तिचं तोंड उमटताना बघायचं होतं.

काहीच उमटलं नाही. बाहेर आणून पाहिलं तर सगळा कागद शेंदरी धुक्याने भरलेला.

आईने तो उलटा केला, पुन्हा सुलटा केला. मी तिला समजावलं. ती ऐकत होती. नोकरीभर जो नियम कधी तुटला नाही, तो शेवटच्या दिवशी, तिच्याच खोलीत, तिच्याच हातात तुटला होता. तिचा चेहरा मला बघवेना. मला रडू यायला लागलं.

"ही लालसुद्धा बघते?" तिने विचारलं.

"हो."

"मग आधी सांगायचं." आणि दार पुन्हा लावून घेत म्हणाली, "चल. एक आहे ना अजून?"

शेवटच्या फोटोची आखणी तिची. लाल दिव्यात मी कॅमेरा टेबलावर टेकवून त्यातून तिला नीट बघून घेतलं, टाक्या मागे, चिमट्याची चौकट हातात. मग तिने लाल दिवाही बंद केला. इतका काळाकुट्ट अंधार मी लहानपणानंतर पाहिला नव्हता. "हलू नकोस," ती म्हणाली. "फोटो बाहेर आला की हात लावू नकोस. मी घेते." मी तीन म्हटलं आणि बटण दाबलं. एक पांढरा झटका, मग पुन्हा काळोख, कॅमेऱ्याची घरघर, आणि त्याच क्षणी माझ्या हाताशी आईची बोटं. कुठेही चाचपडली नाहीत.

"एक, दोन, तीन..." ती मोठ्याने मोजायला लागली. दोनशे चाळीस झाले तेव्हा थांबली, आणि पुन्हा एकपासून. दुसऱ्या वेळेला शंभराच्या आसपास मध्येच बोलायला लागली. याचं मला नवल वाटलं, मोजताना तिला कुणी बोललेलं चालायचं नाही.

"मुलाखतीत मोठ्या साहेबांनी विचारलं होतं, बाई, अंधाराची भीती वाटते का? मी म्हटलं, आमच्या गावात विजेचे खांब आमच्या वस्तीच्या अलीकडेच संपायचे. अंधार मला येतो, साहेब."

"मग?"

"मग काय. सोमवारी रुजू झाले." आणि पुढे मोजायला लागली, एकशे बारा, एकशे तेरा, मध्ये एकही आकडा न चुकवता. मी त्या स्टुलावर बसले, जिथे पाढे म्हणायची. त्या आठ-दहा मिनिटांत मी सुखी होते, हे मला अजून स्पष्ट आठवतं.

मग तिने फोटो पिशवीत सरकवला आणि आम्ही बाहेरच्या बाकावर येऊन बसलो. तिने पिशवीचं तोंड उघडलं, हळूच फोटो वर घेतला. आधी निळसर राखाडी. मग एप्रनची पांढरी कड. चौकट. टाकीचा काठ. मग हळूहळू, तिच्या म्हणण्याप्रमाणे पाण्यातून वर आल्यासारखा, तिचा चेहरा.

आणि डोळे मिटलेले.

मला इतकं वाईट वाटलं की काय सांगू. आठातला शेवटचा, एकच खरा, आणि त्यात तिला फ्लॅशने दचकवलं मी. "अजून एक असता तर," मी म्हणाले. आईने फोटो डोळ्यांजवळ धरून पाहिला, मग पिशवीत ठेवला, खिळ्यावरचा हार काढून आणला आणि म्हणाली, "बस जाईल." येताना पीएमटीत तिने पिशवी मांडीवर धरली होती आणि नारळ माझ्याकडे दिला होता.

ती खोली आता उजळ आहे. मध्ये एकदा बाबांना घेऊन गेले होते तेव्हा पाहिली. ट्यूबलाइट, दोन कॉम्प्युटर, भिंतीला फिकट पिवळा रंग. बाबांचा एक्स-रे निघाला आणि आम्ही वळेपर्यंत पडद्यावर होता. चांगलं आहे, कुणाला वाट बघावी लागत नाही, असलं सॉफ्टवेअर तपासूनच तर माझं घर चाललं. हे मी आईला सांगितलं तेव्हा तिने फक्त विचारलं, "वास येतो का अजून?" नव्हता येत. मी हो म्हटलं.

गेल्या दहा-बारा वर्षांत दर एकतीस मेला ती पिशवीतून फोटो काढते, बघते, परत ठेवते, आणि मी दर वर्षी तिकडे बघायचं टाळते. आता ती फिल्म सहज मिळते, घरबसल्या मागवता येते, बरीच सुधारलीही आहे. या वर्षी मी आईला न सांगता पाकीट मागवलं. निनादचा कॅमेरा माझ्याकडेच राहिला होता. परवा तिने पिशवी पुसायला काढली तेव्हा मी पाकीट तिच्यासमोर ठेवलं आणि म्हणाले, "एवढी वर्षं मला खात होतं ते. तुला दचकवलं मी. डोळे उघडे असलेला एक नीट काढूया."

आईने पाकिटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि पिशवीतून फोटो बाहेर काढला.

"दचकले? कोण दचकलं?" ती म्हणाली. "दिवा बंद केला तेव्हाच मिटले होते मी. नवीन खोकं उघडताना जोखीम नको म्हणून मी लाल दिवासुद्धा बंद करायची. तेव्हा डोळे उघडे ठेवले की बघायचा मोह होतो, मग हात चुकतात. तिथे मी कायम अशीच उभी असायची. फक्त मी मला कधी दिसले नव्हते."

मग तिने फोटो पिशवीत सरकवला, इलॅस्टिक नीट केलं आणि पाकीट माझ्याकडे ढकललं.

"तुझे काढ. माझा आलाय."